देशावरून देशापर्यंत

कोकणातला माणूस घाट चढून वर गेला की तो ‘देशावर गेला’ असे आपण अजूनही म्हणतो. देशस्थ आणि कोकणस्थ हे भेद त्याच देशाचे आहेत. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेला पसरलेले पठार म्हणजे देश, एवढाच या शब्दाचा जुना व्यवहारातला अर्थ. त्याच्याच जोडीचा दुसरा शब्द ‘परदेशी’. पेशवाईच्या फौजेत अवध-बुंदेलखंडाकडून आलेल्या शिपायांना परदेशी म्हणत. त्यांतले कित्येक इथेच राहिले, त्यांची घरे झाली, शेती झाली, आणि परदेशी हे आडनाव होऊन बसले. म्हणजे पुण्याच्या माणसाला अयोध्येचा माणूस परदेशी होता. लंडन तर त्याहूनही पलीकडचे, ते नुसते विलायत. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा सगळा मुलूख ‘देश’ या दोन अक्षरांत मावू लागला तो एकोणिसाव्या शतकात. हे कसे झाले याचे उत्तर आपण शाळेत शिकतो: इंग्रजी शिक्षण, छापखाने, रेल्वे, १८८५ ची राष्ट्रीय सभा. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. देश या शब्दाचा विस्तार घडलेल्या काही महत्त्वाच्या जागा देशाबाहेर होत्या. दर्बानचे कोर्ट, लंडनच्या हायगेट भागातले एक वसतिगृह, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्या आणि न्यूयॉर्कचे विद्यापीठ, अशा त्या जागा. परमुलखात गेलेल्याला आपली मुळे पुन्हा सापडतात, असे सहज म्हटले जाते. मला वाटते, या माणसांना तिथे जे सापडले ते त्यांनी घरी सोडलेलेच नव्हते. घरी तसे काही अजून नव्हतेच. त्यांनी ते तिकडे घडवले, आणि मग घरी आणले.

आधी काय होते ते पाहायचे तर १७८१ साली जावे लागेल. त्या वर्षी राघोबादादांचा वकील म्हणून हणमंतराव नावाचा ब्राह्मण लंडनला पोहोचला. बरोबर मण्यार रतनजी हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. पेशवाईवरचा आपल्या धन्याचा हक्क इंग्रजांपुढे मांडणे, हे त्यांचे काम. लंडनमध्ये त्यांच्या राहण्याखाण्याची आबाळ झाली, तेव्हा एडमंड बर्क या संसदपटूने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि स्वयंपाक व धर्मकृत्ये यथास्थित करता यावीत म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. या प्रसंगात बर्कचे सौजन्य आहे, हणमंतरावांची निष्ठा आहे, पण हिंदुस्थान कुठेही नाही. हणमंतराव तिथे राघोबांचे वकील होते आणि ब्राह्मण होते. आपण आणि आपल्यासोबतचा पारशी एकाच देशाचे आहोत, ही ओळख त्यांना सुचण्याचे कारण नव्हते आणि तिची त्यांना गरजही नव्हती. चूल वेगळी ठेवता आली, एवढ्यावर त्यांचे स्वत्व सुरक्षित होते. समुद्र ओलांडण्याला शास्त्राचा विरोध होता त्यामागेही मोठी चिंता हीच असावी: चूल, पंगत आणि पाणी यांवर उभे असलेले स्वत्व जहाजावर टिकत नाही. शास्त्रकारांचा हा अंदाज बरोबर होता. ते स्वत्व टिकले नाही, म्हणूनच दुसरे घडू शकले.

ते घडण्याची पहिली पायरी म्हणजे परक्याने दिलेले नाव. १८९३ मध्ये गांधी दर्बानला उतरले तेव्हा तिथल्या हिंदी लोकांनी स्वतःचे काय विभाग पाडले होते, हे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. मुसलमान व्यापारी स्वतःला अरब म्हणवीत, पारशी कारकून पर्शियन म्हणवीत, आणि हिंदू कारकुनाला अरबांच्या गटात शिरावे लागे. मद्रास इलाख्यातून गिरमिटावर आलेल्या मजुरांना गोरे ‘सामी’ म्हणत, कारण त्यांतल्या अनेकांच्या नावाच्या शेवटी स्वामी असे. हे विभाग म्हणजे बचावाची साधने होती. अरब म्हटले की कुली म्हणून होणारा अपमान टळेल, ही आशा त्यांत होती. पण गोऱ्या वसाहतवाल्याने हा भेद मानला नाही. त्याच्या लेखी व्यापारी हा कुली व्यापारी होता आणि गांधी कुली बॅरिस्टर होते. १८९४ मध्ये मताधिकार काढून घेणारे विधेयक आले आणि अरबपणाचा, पर्शियनपणाचा आडोसा कुचकामी ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाताळ इंडियन काँग्रेस निघाली. तिच्या नावातल्या ‘इंडियन’ या शब्दाचे वजन आज आपल्या लक्षात येत नाही. कच्छी मेमण, सुरती पारशी आणि तमिळ ख्रिस्ती यांना एका पाटीखाली आणणारा तो शब्द तिथल्या सरकारी कागदांवर आधीपासून होता, पण तिरस्काराने लिहिलेला. यांनी तो उचलून स्वतःच्या दारावर लावला. अर्थात या पाटीखाली सगळे आले असे समजू नये. सभासदाची वर्गणी मजुराच्या आवाक्याबाहेर होती, आणि गिरमिटिये या संस्थेच्या बाहेरच होते, असे गांधी स्वतः लिहितात. ते आत आले ते जवळजवळ वीस वर्षांनी, १९१३ च्या संपात, न्यूकॅसलच्या कोळसा खाणी सोडून हजारो मजूर चालू लागले तेव्हा. तीन पौंडांचा डोईजड कर त्या लढ्यानंतर १९१४ मध्ये रद्द झाला. कुणी कुणाला आपले म्हणायचे याची हद्द तिथे एका बैठकीत ठरलेली नाही. ती भांडत, चुकत, वीस वर्षे सरकत गेली आहे.

पॅसिफिकच्या किनाऱ्यावर हेच नामकरण अधिक उघडेवाघडे झाले. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर काढले. ते बहुतेक शीख होते. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘हिंदू’ म्हटले, कारण अमेरिकन व्यवहारात हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण हिंदू होता, मग तो शीख असो वा मुसलमान. इथे एक रास्त आक्षेप येतो. बाहेरच्याने अज्ञानापोटी चिकटवलेल्या नावाला ओळख कशी म्हणायची? दगड मारणाऱ्याने सगळ्यांवर सारखेच दगड मारले म्हणून मार खाणारे एक राष्ट्र होत नाहीत. हे मला मान्य आहे. जगात किती तरी समाजांना परक्यांनी एका नावाने हाकारले, आणि ते एकत्र आले नाहीत. नावाने फक्त एक रिकामी खोली मिळते. तिच्यात राहायला जायचे की नाही, आणि गेल्यावर तिथे काय मांडायचे, हे आतल्यांच्या हातात असते. म्हणून नावापाशी थांबून चालणार नाही. ती खोली कशाने भरली ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी एका खऱ्याखुऱ्या घराकडे वळले पाहिजे.

ते घर म्हणजे हायगेटमधले ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. कच्छमधल्या मांडवीचे श्यामजी कृष्णवर्मा हे संस्कृतचे पंडित. ऑक्सफर्डला त्यांनी मोनियर विल्यम्स यांच्या हाताखाली काम केले होते, पुढे रतलाम, उदयपूर, जुनागढ अशा संस्थानांत मोठ्या अधिकाराच्या जागा सांभाळल्या होत्या. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्याला बिऱ्हाड मिळणे कठीण होते. त्यांनी हे घर घेऊन पंचवीसेक विद्यार्थ्यांची सोय होईल असे वसतिगृह काढले आणि १ जुलै १९०५ रोजी समाजवादी पुढारी हाइंडमन यांच्या हस्ते ते उघडले. नाव ठेवले ‘इंडिया हाउस’. श्यामजींनी शिष्यवृत्त्याही दिल्या, आणि त्या घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही अशी अट घातली. टिळकांच्या शिफारशीने त्यांतली शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर १९०६ च्या उन्हाळ्यात तिथे पोहोचले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांना पुढे सेनापती हे बिरुद मिळाले, तेही याच वर्तुळातले. तमिळनाडूचे व. वे. सु. अय्यर, मद्रासचे आचार्य, बंगाली घराण्यातले वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, दिल्लीचे लाला हरदयाळ, अमृतसरचे मदनलाल धिंग्रा, मुंबईच्या मादाम कामा अशी माणसे त्या घरात किंवा घराभोवती वावरली. या यादीत जे आहे ते त्या काळच्या हिंदुस्थानात कुठल्याही एका घरात नव्हते. पुण्यातल्या एखाद्या वाड्यात तमिळ ब्राह्मण, पंजाबी खत्री आणि मुसलमान विद्यार्थी महिनोन् महिने एकत्र राहतात, एका टेबलाशी जेवतात, एका वर्तमानपत्रावरून वाद घालतात, असे दृश्य १९०६ मध्ये शोधूनही सापडले नसते. बर्कच्या काचघरातली वेगळी चूल इथे उरली नव्हती. ती कुणी ठरवून विझवली असे नाही, लंडनच्या त्या घरात दहा चुली मांडायला जागाच नव्हती. विचाराने जे पन्नास वर्षांत साधले नसते ते गैरसोयीने दोन वर्षांत साधले.

सण साजरे करण्याची रीतही यातूनच बदलली. १९०९ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या हिंदी लोकांनी विजयादशमीचे जेवण ठेवले. अध्यक्ष गांधी, आणि बोलायला सावरकर. पुढच्या शतकभर ज्यांची नावे एकमेकांविरुद्ध घेतली गेली ते दोघे त्या संध्याकाळी एका टेबलाशी होते. दोघांचे विचार तेव्हाही वेगळे होते. लंडनच्या या तरुणांशी झालेल्या वादांतून गांधींनी पुढच्याच महिन्यात परतीच्या बोटीवर दहा दिवसांत ‘हिंद स्वराज्य’ लिहून काढले. पण लक्षात घ्यायचे ते हे की दसरा हा तोवर घराचा, जातीचा, फार तर संस्थानाचा सण होता. सोने लुटायला सीमेवर जायचे ती गावाची सीमा. लंडनमध्ये त्याला प्रथमच ‘हिंदुस्थानचा सण’ व्हावे लागले, कारण ज्या गावाची सीमा ओलांडायची ते गावच तिथे नव्हते.

खोली भरणारी दुसरी वस्तू म्हणजे ग्रंथालय. आपल्या देशाविषयीची कागदपत्रे आपल्या देशात नव्हती. ती राज्यकर्त्याच्या राजधानीत होती. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले आणि पुढे पार्लमेंटच्या अहवालांतून आकडे गोळा करीत राहिले. हिंदुस्थानची संपत्ती बाहेर वाहून जाते हा त्यांचा सिद्धांत याच सरकारी आकड्यांवर उभा आहे. ‘हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न किती’ हा प्रश्न विचारायचा तर आधी हिंदुस्थान हे एक घर आहे, त्याचा एक जमाखर्च आहे, असे मानावे लागते. तो जमाखर्च एकत्र बांधलेला लंडनमध्येच मिळत होता. सावरकरांनी इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून के आणि मॅलिसन यांचे इतिहास आणि मूळ कागद वाचले, आणि इंग्रज ज्याला शिपायांचे बंड म्हणत त्याचे स्वातंत्र्यसमर असे पुस्तक मराठीत लिहिले. ते मराठीत छापता आले नाही. १९०९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद हॉलंडमध्ये छापला गेला. मेरठ, झाशी, कानपूर, जगदीशपूर हे सगळे एका सूत्रात दिसावे असा नकाशा ज्या टेबलावर पसरता आला ते टेबल लंडनचे होते. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण त्याही आधीचे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात १८८६ मध्ये एम. डी. होताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. कल्याणच्या घरात, वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या मुलीला आपल्या पूर्वजांचे प्रसूतिशास्त्र कुणी शिकवले नव्हते. ते तिने अमेरिकेत, परक्या परीक्षकांपुढे, स्वतःचा विषय म्हणून मांडले. ‘पुन्हा सापडणे’ हा शब्द इथे अपुरा पडतो, कारण जे मुळात तिच्या हाती दिलेच नव्हते ते तिने मिळवले.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. देशाची कल्पना बाहेर घडली असे म्हणणे म्हणजे घरी राहिलेल्यांवर अन्याय नाही का? भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी पत्रातून कंपनी सरकारच्या लुटीवर कठोर पत्रे लिहिली. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासूनची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ ची. रानडे कधी विलायतेला गेले नाहीत, जोतीराव फुले गेले नाहीत, आणि टिळक गेले ते थेट १९१८ मध्ये, साठी ओलांडल्यावर. राष्ट्र म्हणजे काय याचा विचार या माणसांनी इथेच केला आणि तो बाहेरच्या कुणाहून उणा नव्हता. हे सगळे खरे आहे. पण विचार होणे आणि राहणीत उतरणे यांत फरक आहे. सार्वजनिक सभेत हिंदुस्थानावर व्याख्यान देणारा गृहस्थ सभा संपल्यावर आपल्या पेठेत, आपल्या जातीत, आपल्या पंगतीत परत जात असे. तिथे त्याला राष्ट्रीय असण्याची रोजची सक्ती नव्हती. परमुलखात ही सक्ती होती, कारण परत जायला पेठच नव्हती. घरच्यांनी प्रश्न उभा केला आणि बाहेरच्यांना त्याचे उत्तर जगावे लागले, असे मी म्हणेन. आणि दोन्हींचा धागा तुटलेला नव्हता. सावरकर नाशिकहून मित्रमेळ्याचा अनुभव घेऊन गेले होते, बापट डेक्कन कॉलेजातून गेले होते. ते कोऱ्या पाटीने बोटीवर चढले नव्हते.

बोटीवर चढलेल्यांतले बहुसंख्य कोण होते हेही सांगायला हवे. ते सनदी परीक्षेला, बॅरिस्टरीला, वैद्यकीला गेले, विलायती रीतीभाती शिकले आणि परत येऊन मोठ्या पगाराच्या जागांवर बसले. परदेशवास आपोआप देशभक्त करीत नाही, याचा याहून मोठा पुरावा नको. मग काहींच्याच बाबतीत असे का झाले? अपमान सगळ्यांच्या वाट्याला आला होता. पण ज्यांना एकट्याने राहणे परवडत होते त्यांनी अपमानावर वैयक्तिक उपाय शोधला: अधिक चांगला सूट, अधिक शुद्ध उच्चार. ज्यांना इतरांसोबत राहावे लागले, वसतिगृहात, गिरणीच्या बराकीत, संपात, त्यांना सामुदायिक उपायाखेरीज वाट नव्हती. माणसाचा स्वभाव यात असतोच, पण राहण्याच्या जागेचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे. याला जोडूनच असेही म्हटले जाते की या मंडळींना सापडलेला देश उसना होता. सावरकरांनी मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले, श्यामजी हर्बर्ट स्पेन्सरचे भक्त होते, कामांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला झेंडा हा युरोपीय राष्ट्रांच्या रिवाजानुसारच तिरंगी होता. उसनवारी नाकारण्यात अर्थ नाही. पण इटलीची गोष्ट मराठीत सांगताना ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नाशिक होते, आणि वाचणाऱ्याच्याही. झेंड्यावर कामांनी देवनागरी अक्षरांत ‘वंदे मातरम्’ लिहून नेले होते. साचा परका असला तरी ओतलेला धातू घरचा होता.

गोव्याकडे पाहिले की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो, कारण तिथे सत्तेने उलटी ओळख शतकानुशतके शिकवली होती. १६८४ च्या फर्मानाने कोकणी भाषेवरच बंदी घातली होती. शिकल्यासवरल्या ख्रिस्ती गोमंतकीयाने स्वतःला पोर्तुगीज संस्कृतीचा वारस समजावे, अशी तिथल्या शिक्षणाची घडण होती. चांदोरला १८९१ मध्ये जन्मलेले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा पाँडिचेरीत शिकून १९१२ च्या सुमारास पॅरिसला गेले, विद्युत अभियंता झाले आणि १९२६ पर्यंत तिथेच राहिले. त्या वर्षांत त्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यचळवळीविषयी फ्रेंच वाचकांसाठी लिहिले. रोमाँ रोलाँ यांच्याशी त्यांचा परिचय होता. गोव्यातून पाहिले तर दोन सत्ता दिसत, एकीकडे पोर्तुगीज आणि सीमेपलीकडे इंग्रज. पॅरिसमधून पाहिले तर एकच साम्राज्यशाही आणि तिच्याखाली एकच हिंदुस्थान दिसत होता. परत आल्यावर १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापली. गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे पुसले गेले यावरची त्यांची इंग्रजी पुस्तिका १९४४ ची. दोन वर्षांनी त्यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. योगायोग असा की १९४६ च्या ज्या १८ जूनला मडगावात सत्याग्रहाची ठिणगी पडली तिच्यामागेही एक परदेशातलीच मैत्री होती. डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला ज्यांच्या घरी विश्रांतीसाठी उतरले होते ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस त्यांचे बर्लिनमधल्या विद्यार्थिदशेतले मित्र. उत्तर प्रदेशचा एक परदेशी आणि सासष्टीचा एक पोर्तुगीज प्रजाजन बर्लिनमध्ये एकमेकांचे देशबांधव झाले होते.

इथवरच्या पुराव्यावर थांबलो तर चित्र फार गुळगुळीत होईल. परमुलखात सगळे भेद विरघळतात हे ज्यांच्या तोंडी येते ते बहुधा वरच्या जातीचे असतात. म्हणून दोन माणसांचा विचार एकत्र करायला हवा. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते, आणि तिथून १९०९ मध्ये त्यांचा हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा इतिहास प्रसिद्ध झाला. सात वर्षांनी, १९१६ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी जातींवरचा आपला निबंध वाचला आणि त्यात केतकरांच्या ग्रंथाचीही चर्चा केली. एक ब्राह्मण आणि एक महार, दोघेही मराठी, आणि जातीवरचा त्यांचा हा बौद्धिक संवाद पुण्यात किंवा मुंबईत न घडता अमेरिकेत घडला. आंबेडकरांच्या त्या निबंधातला एक मुद्दा सहसा नजरेआड होतो. हिंदुस्थानात सांस्कृतिक एकता आहे, हे ते ठामपणे मांडतात, आणि म्हणतात की ही एकता आहे म्हणूनच जातीचे कोडे अवघड आहे, कारण जात म्हणजे मुळात एकसंध असलेल्याचे पाडलेले तुकडे. म्हणजे देश एक आहे हे त्यांनाही दूरवरूनच स्पष्ट दिसले. पण इतरांनी त्या एकतेचा उत्सव केला, आंबेडकरांनी तिला साक्षीला उभे केले. केतकर परतून ज्ञानकोशाला लागले, आणि त्याच्या पहिल्या प्रस्तावना खंडाचे नाव त्यांनी ‘हिंदुस्थान आणि जग’ असे ठेवले. त्या नावातल्या ‘आणि’वर अमेरिकेतल्या वर्षांची छाप आहे. जगाशेजारी उभे करून पाहिल्याशिवाय हिंदुस्थान नीट दिसत नाही, ही ती शिकवण.

बाहेर घडलेली ओळख खरी की खोटी, याची परीक्षा परतल्यावर होते. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून त्याचे पत्र उर्दूत निघाले, मग गुरुमुखीत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यात होते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे सिॲटलला अभियांत्रिकी शिकायला गेले आणि तेही पंजाबी शेतकऱ्यांत मिसळून गेले. महायुद्ध सुरू होताच हे लोक हजारोंनी परतले. आपल्याला तिकडे जे उमगले ते गावात सगळ्यांना आपोआप उमगेल, अशी त्यांची समजूत होती. तसे झाले नाही. किती तरी गावांनी त्यांना साथ दिली नाही, फितुरीने १९१५ च्या फेब्रुवारीतला उठाव फसला, आणि पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि आणखी पाच पंजाब्यांबरोबर ते फाशी गेले. या माणसांनी चूक केली असे मला म्हणवत नाही. ज्या देशासाठी ते परतले तो सॅन फ्रान्सिस्कोत तयार होता, पंजाबात अजून व्हायचा होता.

आंबेडकरांची परीक्षा याहून साधी आणि याहून कठीण होती. १९१७ मध्ये बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला ते परतले. अमेरिका आणि युरोपातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर ती जाणीव एका प्रश्नाने परत आली: उतरायचे कुणाकडे? हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नव्हता. एका पारशी वसतिगृहात त्यांनी पारशी नाव सांगून खोली घेतली. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका जिना चढून वर आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेला. शहरात त्यांच्या ओळखीचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडेही जागा झाली नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. कोलंबिया विद्यापीठात हिंदुस्थानची एकता ठामपणे मांडणारा निबंध वाचून आलेला तो सव्वीस वर्षांचा माणूस गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला.